सेलेनियमचा 'बग'

परवा रविवारी आर्डुइनोला एलडीआर जोडला. सोबत एक रेझिस्टर आणि चार ओळींचा प्रोग्रॅम. ० ते १०२३ मधला आकडा काही केल्या स्थिर राहीना. तासभर कोड तपासला. शेवटी कळलं, खिडकीचा पडदा हलत होता!

मग विलोबी स्मिथ आठवला. १८७३ साली समुद्राखालच्या टेलिग्राफ केबल्स तपासायला या इंग्रज इंजिनियरने मोठा रोध म्हणून सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. रोध सारखा बदलायचा. पेटीत झाकल्या की जास्त, उजेड पडला की कमी! वैतागून फेकून देण्याऐवजी त्याने ते छापलं. १८८०मध्ये ग्रॅहम बेलने सेलेनियमच वापरून प्रकाशझोतावरून आवाज पाठवला.

मी मात्र तासभर बगच शोधत बसलो. सेन्सर बिचारा आपलं काम चोख करत होता.