खोती टिकली कशी, मोडली कशी

पनवेलच्या राजकारणात शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा दीर्घकाळ फडकत राहिला. त्याचे मूळ शोधायला खोतीकडे जावे लागते. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला पनवेल तालुका पुढे कुलाब्यात आला, आणि कुलाबा व रत्नागिरी हे खोतीचे जिल्हे. या पद्धतीने कोकणात आदिलशाही, शिवशाही, पेशवाई आणि इंग्रजी अशी राज्ये येताना-जाताना पाहिली, पण स्वतः ती 1949 च्या कायद्यापर्यंत उभी होती. कुळांनी ज्याला कधी निवडले नाही, त्या खोताचा अंमल इतका कसा टिकला? आज जगात हाच प्रश्न प्रामुख्याने चीनविषयी विचारला जातो. 1949 पासून तिथे एकाच पक्षाची सत्ता आहे. खोतीचा अनुभव नीट वाचला तर त्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग हाती लागतो, असे माझे म्हणणे आहे.

खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेतलेला माणूस. राजा कोणीही असो, त्याला वसुली हवी असे आणि ती बिनखर्चात करून देणारा खोत सोयीचा वाटे. म्हणूनच इंग्रज सरकारने 1880 मध्ये खास खोती कायदा करून या पद्धतीला कायद्याची चौकट दिली. गावात मात्र खोताचे बळ सरकारी कागदापुरते नव्हते. पिकलेल्या भातातला मोठा वाटा तो घेई, कुळाकडून वेठ करवून घेई. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की खावटीसाठी त्याच्याच दारात उभे राहावे लागे. जमीन, कर्ज आणि सरकार या तिन्हींकडे जाणारी वाट एकाच ओटीवरून जात होती. कुळाला गाऱ्हाणे सांगायला मनाई नव्हती, पण ते एकट्याने सांगायचे. खोत एखाद्याला सूट देई, दुसऱ्याची जमीन काढून तिसऱ्याला देई. त्यामुळे शेजारचे कूळ दुःखातला सोबती राहत नसे, ते आपल्या तुकड्यावर डोळा असलेले प्रतिस्पर्धी होई. खोतीचा खरा पाया हा होता.

तो पाया अलिबागजवळच्या चरी गावी हलला. 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथे शेतकऱ्यांचा संप जाहीर झाला आणि 25 गावांनी जमीन कसायचे थांबवले. संप 1939 पर्यंत चालला. घरात दाणा नसताना लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण एकानेही दुसऱ्याची सोडलेली जमीन घ्यायची नाही हा निश्चय धरून ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्याच काळात ‘कृषीवल’ हे शेतकऱ्यांचे पत्र निघाले. 1939 च्या कूळकायद्याने काही कुळांना संरक्षण दिले आणि दहा वर्षांनी खोतीच गेली. खोत दुबळे झाले म्हणून हे घडले नाही. गाऱ्हाणी एकमेकांना जोडली गेली म्हणून घडले.

चीनमधली सत्ता नेमकी ही जोडणी होऊ देत नाही. तिथे तक्रारअर्ज घेऊन वरच्या कार्यालयात जाण्याची अधिकृत सोय आहे. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की इंटरनेटवरची सरकारवरची कडक टीकाही बरीचशी राहू दिली जाते. लोक एकत्र जमण्याची शक्यता दिसली की मात्र मजकूर झपाट्याने पुसला जातो. क्वांगतुंग प्रांतातल्या वूखान गावाने 2011 मध्ये जमिनी लाटणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला, तेव्हा सरकारने नमते घेऊन निवडणूक होऊ दिली. त्या निवडणुकीतून पुढे आलेला गावप्रमुख 2016 मध्ये तुरुंगात गेला. एका गावाला सूट मिळू शकते, पण पंचवीस गावांचा संप होऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, की चीनमधली सत्ता समृद्धीमुळे टिकली. गेल्या चार दशकांत तिथे कोट्यवधी माणसे दारिद्र्यातून वर आली हे खरे आहे आणि ते लहान काम नाही. पण 1959 ते 1961 च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली, तेव्हाही ती सत्ता पडली नव्हती, आणि खोतीने कुळांना कोणती समृद्धी दिली होती? दुसरे कोणी भीतीकडे बोट दाखवील. भीती असतेच, पण रणगाडे आणि गुप्त पोलीस असूनही सोव्हिएत संघ 1991 मध्ये मोडला. सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे: खोत हा गावचा धनी, त्याची तुलना अवाढव्य राज्याशी कशी करायची? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. खोताच्या वर न्यायालय होते, वृत्तपत्र होते, 1937 नंतर निवडून आलेली विधानसभा होती. चरीच्या शेतकऱ्यांना ठोठावायला दुसरे दार मिळाले. चीनमध्ये न्यायालय, वृत्तपत्र आणि विधिमंडळ ही तिन्ही दारे पक्षाच्याच घरात उघडतात. म्हणून तिथली सत्ता खोतीपेक्षा अधिक चिवट आहे. मात्र तिचे तंत्र निराळे नाही.

लोकशाहीतही जमीन हिसकावली जाते, गोळीही चालते. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी 1984 मध्ये पाच जण हुतात्मा झाले. पण गावे एकत्र राहिली, त्यांचा शेतकरी कामगार पक्ष बंद पडला नाही, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण सरकारला स्वीकारावे लागले. पनवेल-उरणच्या माणसांना हे यश कुणाच्या दयेने मिळाले नाही. एकत्र येण्याचा हक्क त्यांच्या हाती होता म्हणून ते मिळाले. संघटना, सभा आणि स्वतंत्र वृत्तपत्र यांच्यावर बंधने येऊ लागली की ती दुसऱ्या कुणासाठी आहेत असे समजून गप्प बसू नये. खोतीची पहिली वीट तिथेच बसते.