उद्यावर टाकलेले राज्य

जयपुरात त्रिपोलिया दरवाजाजवळ एक सात मजली मनोरा उभा आहे. त्यास सरगासूली म्हणतात. जुनी माणसे अजून ईसरलाट म्हणतात. सवाई ईश्वरीसिंहाने राजमहालच्या लढाईतील विजयाप्रीत्यर्थ तो १७४९ च्या सुमारास बांधविला. पुढच्याच वर्षी या विजयी राजाने विषप्राशन केले. नोकरीनिमित्त या शहरात आल्यापासून त्या मनोऱ्याजवळून माझे वरचेवर जाणे होते. ईश्वरीसिंहाचा बळी मल्हारराव होळकरांनी घेतला, हे येथे शाळकरी मूलही सांगते, आणि ऐकताना मराठी माणूस जरा अवघडतो. आरोप खोटा नाही. परंतु या प्रकरणाची सुरुवात शोधू गेल्यास ती होळकरांच्या छावणीत सापडत नाही. ती बेचाळीस वर्षे मागे, उदेपुरात सापडते.

बादशहा बहादुरशहाने आंबेर जप्त केल्यावर सवाई जयसिंह १७०८ साली मेवाडच्या आश्रयास गेला. महाराणा अमरसिंहाने आपली कन्या त्यास दिली. अट एवढीच की, तिच्या पोटी जो पुत्र होईल तोच, वयाने धाकटा असला तरी, गादीवर बसावा. जयसिंह तेव्हा विशीतला. हाती राज्य नाही, घरात वारस नाही. जन्मास न आलेल्या मुलाविषयी शब्द देण्यास काय लागते! शब्द दिला गेला. वीस वर्षे काही घडले नाही. मग १७२८ मध्ये उदेपूरच्या राजकन्येस माधोसिंह झाला. थोरला ईश्वरीसिंह त्या वेळी बालवयात होता. एक मुलगा वयाच्या हक्काने वारस आणि दुसरा वचनाच्या हक्काने, असा गुंता त्या दिवशी उभा राहिला. तो सोडविण्यास समर्थ असा एकच पुरुष होता, आणि त्यास पुढे पंधरा वर्षांचे आयुष्य मिळाले.

एरवी जयसिंहाने काय केले नाही? १७२७ मध्ये पायाभरणी झालेले नवे शहर वसविले. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी, मथुरा येथे वेधशाळा उभारल्या. ग्रहांची कोष्टके सिद्ध करविली. परंपरेने महाराष्ट्रीय मानले जाणारे सम्राट जगन्नाथ यांच्याकडून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणविली. माळव्याची सुभेदारी सांभाळली, मराठ्यांशी वाटाघाटी केल्या, अश्वमेधही केला. जयपूरच्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून आजही दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. दोन सेकंदांचा हिशेब राखणाऱ्या या राजाने घरातला एक निर्णय मात्र अखेरपर्यंत घेतला नाही. १७२९ मध्ये माधोसिंहास महाराण्याकडून रामपुऱ्याची जहागीर मिळवून दिली, एवढेच. आमच्या कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर, ‘तूर्त अंतरिम व्यवस्था करून प्रकरण प्रलंबित ठेवावे.’

अशा माणसास आळशी कोण म्हणेल? गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना अलस आणि दीर्घसूत्री हे दोन शब्द वेगवेगळे योजिले आहेत. आणि त्या दोहोंच्या मधोमध विषादी हा शब्द बसला आहे. या क्रमाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. आळशी मनुष्य कोणतेच काम करीत नाही. दीर्घसूत्री मनुष्य पुष्कळ कामे करतो. फक्त ज्या कामाने त्याच्या पोटात गोळा येतो, तेवढे सोडून. आजचे मानसशास्त्रज्ञही चालढकलीचे मूळ कष्टाच्या कंटाळ्यात न पाहता, त्या कामाने जागी होणारी अप्रिय भावना टाळण्यात पाहू लागले आहेत.

हे मला पुस्तकांपूर्वी एका फाइलीने शिकविले होते. एका वृद्धेच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचे ते प्रकरण होते. पूर्वीच्या हिशेबात एक चूक होती आणि ती माझ्याच हातची होती. ती दुरुस्त करावयाची तर प्रथम टिपणात कबूल करावी लागणार होती. सात महिने ती फाइल माझ्या मेजावर पालथी पडून होती. त्या सात महिन्यांत माझे इतर काम इतके चोख होते की, साहेबांनी दोनदा प्रशंसा केली! शेवटी त्या बाई स्वतः आल्या. रागावल्या नाहीत, बाकावर बसून राहिल्या आणि जाताना, “बेटा, कागज मिल तो गया था ना?” एवढेच विचारून गेल्या. त्या संध्याकाळी मी टिपण लिहिले. त्यास चाळीस मिनिटे लागली. तेव्हापासून सकाळी जी फाइल नकोशी वाटते तीच आधी उघडण्याचा प्रयत्न करतो. नेहमी साधते असे नाही.

असो. जयसिंह १७४३ मध्ये वारला आणि त्याने न घेतलेला निर्णय मुलांच्या वाट्यास आला. ईश्वरीसिंह गादीवर बसला. माधोसिंहाच्या बाजूने उदेपूर उठले. दोघांनीही मराठ्यांकडे धाव घेतली, आणि येथे पुण्याचाही दोष सांगितला पाहिजे. शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे, होळकरांचा माधोसिंहाकडे. कर्जाने गांजलेल्या नानासाहेब पेशव्यांना दोन्हीकडचा पैसा हवा होता, म्हणून एकाची बाजू ठामपणे घेणे त्यांनीही लांबविले. १७४७ मध्ये राजमहालला ईश्वरीसिंह जिंकला. १७४८ मध्ये बगरूला होळकरांपुढे त्यास नमावे लागले; धाकट्या भावास परगणे आणि मराठ्यांस रक्कम कबूल करावी लागली.

कबूल केलेली रक्कम पुरी पोचली नाही. तिजोरी रिकामी होती हे खरे. पण ईश्वरीसिंह बापाचाच मुलगा होता. त्याने पैशाची सोय लावण्याऐवजी मनोरा बांधला, आणि कारभार ज्याच्या जिवावर चालला होता त्या केशवदास खत्रीलाच विष देवविले. हरगोविंद नाटाणीवर भिस्त ठेवली. फौज माझ्या खिशात आहे, असे हा नाटाणी म्हणे; आणि होळकर वेशीशी आल्यावर, महाराज, खिसा फाटला, असे त्याने सांगितले, ही आख्यायिका जयपुरात अजून ऐकावयास मिळते. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव आले. हाती ठेवावयास पुरेसा पैसा नव्हता, आणि मुदत मागण्यासही तोंड उरले नव्हते. राजाने रात्री विष घेतले आणि नागाकडून दंश करवून घेतला, असे सांगतात. त्याच्यामागे राण्यांनीही विष घेतले.

माधोसिंह गादीवर बसला. उदेपूरची अट बेचाळीस वर्षांनी अक्षरशः पुरी झाली. आता मराठ्यांच्या मागण्या त्याच्यापुढे आल्या. १० जानेवारी १७५१ रोजी नवे शहर आणि देवळे पाहावयास वेशीच्या आत गेलेल्या मराठ्यांवर दरवाजे बंद करून लोक तुटून पडले. त्या दिवशी काही हजार माणसे मारली गेली. त्यांत लढवय्येच होते असे नाही; बायका होत्या, मुले होती. उदेपुरात १७०८ साली काय ठरले होते, हे त्यांतल्या कितीजणांस ठाऊक असेल?

जयसिंहाची संगमरवरी छत्री गैटोरला आहे. तिच्यावरील कोरीव काम पाहण्यास दूरदूरचे प्रवासी जातात. ईश्वरीसिंहाची छत्री तेथे नाही. त्याचे दहन शहरातच, जयनिवास बागेलगत, तालकटोऱ्याजवळ झाले, आणि छत्रीही तेथेच आहे. सम्राट यंत्र तेथून फार लांब नाही.