सभासदांचा ई-मेल व्यवहार व त्याचें दफ्तर

इतिहाससंशोधन हें एकट्याचें काम नव्हे. कागद एकाच्या घरीं, मोडी वाचणारा दुसऱ्या गांवीं, आणि त्या कागदांतील प्रसंगाचा जाणकार तिसऱ्याच ठिकाणीं, अशी स्थिति नेहमींच असते. हल्लीं ह्या तिघांची गांठ बहुधा ई-मेलच्या समूहांत पडते. म्हणून त्या साधनाचे गुणदोष येथें पाहण्याचें योजिलें आहे.

पूर्वींची रीत प्रथम पाहूं. १८७८ सालीं पुण्यांत निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’नें बखरी व पत्रें महिन्याच्या महिन्यास वर्गणीदारांपुढें ठेविलीं. वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं मिरजेस संस्कृतचें अध्यापन करीत असतां पटवर्धनी कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ भागाभागानें छापिला. ७ जुलै १९१० (शके १८३२) रोजीं राजवाडे व खंडेराव मेहेंदळे ह्यांनीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. सभेंत टिपण वाचावें, तेथेंच शंका निघाव्या आणि पुढें तें इतिवृत्तांत छापावें, असा क्रम पडला. परगांवच्या सभासदास मात्र छापील अंक हातीं येईपर्यंत थांबावें लागे. मधला अवकाश खासगी पत्रें भरून काढीत. कामशेतचे गो. स. सरदेसाई व बंगालचे जदुनाथ सरकार ह्यांचा पत्रव्यवहार ह्याचा उत्तम दाखला होय. पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांच्या हातून निघाले, त्या काळांतील विचारविनिमय त्या पत्रांत सांपडतो. पत्रें कागदावर राहिलीं, म्हणूनच तीं पुढें छापतां आलीं आणि स्वतःच इतिहासाचें साधन झालीं.

ई-मेलनें विलंब नाहींसा केला. भारतांत सर्वसामान्यांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. आतां दुर्बोध अक्षराचें छायाचित्र सकाळीं समूहास पाठवावें, तर सायंकाळच्या आंत दोन वाचनें हातीं येतात. उत्तर एकास दिलें तरी लाभ सर्वांस होतो, आणि एकच कागद दोघे नकळत संपादीत बसण्याचा व्यर्थ श्रम वांचतो.

परंतु हीं पत्रें राहतात कोठें? ती जागा बहुधा परक्या कंपनीची असते. ‘याहू ग्रुप्स’वरील जुना संग्रह काढून टाकण्याचा निर्णय २०१९ सालीं जाहीर झाला, आणि १५ डिसेंबर २०२० रोजीं ती सेवाच बंद पडली. ज्या समूहांनीं वेळींच नक्कल उतरून घेतली नाहीं, त्यांचा वर्षानुवर्षांचा वाद-संवाद गेला. घरांतील रुमाल वाळवीनें खाल्ले तरी चार कागद उरतात. येथें तेवढेंही उरत नाहीं. उलट डोमिनिक वुजास्टिक ह्यांनीं १९९० सालीं सुरू केलेल्या ‘इंडॉलॉजी’ समूहाचा जुना पत्रसंग्रह आजही पाहावयास मिळतो. तेव्हां दोष साधनाचा नसून व्यवस्थेचा आहे.

दुसरी अडचण आमच्या वाचकांस परिचयाची आहे. जुन्या पत्रांत चंद्र व महिना असतो, पण साल पुष्कळदां नसतें; तें ठरविण्यांत संपादकाचे दिवस जातात. ई-मेलवर तारीख-वेळ आपोआप पडते. जुन्या ‘पै॥’ शेऱ्यापेक्षां ही सोय मोठी आहे. मात्र मजकूर बदलला तरी विषयाची ओळ जुनीच राहते, आणि पानिपतचें टिपण नाण्यांच्या शीर्षकाखालीं जाऊन पडतें. चुकीच्या रुमालांत बांधलेला कागद जसा हरवतो, तसेंच हें होय.

यास्तव आमची सूचना अशी. प्रत्येक संस्थेनें ह्या कामीं एक दफ्तरदार नेमावा. एका ई-मेलांत एकच प्रश्न असावा, आणि विषयाच्या ओळींत संग्रहाचें नांव व कागदाचा क्रमांक यावा. ज्यानें वाचन प्रथम सुचविलें त्याचें नांव तारखेसह नोंदावें. छापतांना श्रेय त्यासच द्यावें. वर्षअखेरीस खासगी मजकूर वगळून, लेखकांच्या संमतीनें, सर्व पत्रांची छायाचित्रांसह एक नक्कल संस्थेच्या संगणकावर व एक टिकाऊ कागदावर करून ठेवावी. खर्च थोडा आहे. लागते ती शिस्त.

पेशवाईंतील कारकुनानें आपलें दफ्तर बांधून ठेविलें, म्हणून आज आपणांस काम आहे. पुढील संशोधक आपल्या काळाविषयीं विचारतील, तेव्हां त्यांच्यापुढें ठेवावयास आपल्यापाशीं असेंच एखादें दफ्तर असलें पाहिजे.