सातबारा कोणासाठी लिहिला? नाशिकमध्ये पहिला प्लॉट घेण्याआधी

गेल्या महिनाभरात तुमच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "नाशिकमध्ये पहिला प्लॉट घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?" कोणी मखमलाबादला बघतंय, कोणी आडगावला. कोणी थेट इगतपुरीला पोचलंय, कारण ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि सिंहस्थही तोंडावर आलाय. भाव कुठे वाढतील ते मी सांगणार नाही. ते सांगणारे आपल्या शहरात प्रत्येक टपरीवर भेटतात.

मी बोलणार आहे कागदांबद्दल. एजंट तुम्हाला तीन गोष्टी दाखवतो: सातबारा, स्टॅम्प आणि रजिस्टर खरेदीखत. मग म्हणतो, "सगळं क्लिअर आहे." आता हे तिन्ही कागद मुळात कशासाठी जन्माला आले ते बघू. कारण तिन्ही सरकारने आपल्या सोयीसाठी काढले होते. तुमच्या मालकीची हमी द्यायला त्यातला एकही काढलेला नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि नाशिकचा मुलूख कंपनीकडे गेला. कंपनीला पहिली काळजी वसुलीची. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पुण्याकडे मोजणी सुरू केली, ती फसली. मग १८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मांडणी केली, आणि १८४० च्या दशकात ती पद्धत नाशिककडे आली. एका बैलजोडीला कसता येईल साधारण एवढ्या जमिनीचा एक सर्व्हे नंबर. मातीची प्रत आण्यांत ठरवायची, हद्दीला दगड रोवायचे, आणि त्या नंबरापुढे एक नाव लिहायचं. नाव कोणाचं? सारा कोणाकडून घ्यायचा, त्याचं. जमीन कोणाची या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत शोधलंच नव्हतं.

मंडळी, आजचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जमिनी गहाण पडल्या, विकल्या गेल्या, सावकारांकडे गेल्या, पण वहीत नाव जुनंच राहिलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता कर्जाच्या कागदांवर. रोखे काढून घ्यायचे आणि जाळायचे. कागद म्हणजे काय ताकद असते हे त्या माणसांना, ज्यांतल्या बहुतेकांना तो वाचताही येत नव्हता, आपल्यापेक्षा जास्त कळलेलं होतं. १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला तो यातूनच.

नंतर १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. सारा थकला, जमिनी सरकारजमा होण्याची वेळ आली. १९०१ मध्ये मुंबई सरकारने नवा कायदा आणला: अशी जमीन पुन्हा द्यायची, पण विकता येणार नाही या अटीवर. याविरोधात फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले कौन्सिलमधून उठून बाहेर पडले. कायदा झालाच. तुमच्या एजंटच्या तोंडी 'नवीन शर्त' हा शब्द येतो ना, त्याचं मूळ इथे आहे. सातबाऱ्यावर आज 'भोगवटादार वर्ग-२' दिसलं, तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही असं समजा. कुळकायद्यात मिळालेली, वतनाची, सरकारने दिलेली, अशा बऱ्याच जमिनी या वर्गात येतात.

हक्कांची नोंद, म्हणजे रेकॉर्ड ऑफ राइट्स, १९०३ च्या कायद्याने आली. मग अँडरसनच्या मॅन्युअलने गावाच्या वह्यांना नमुने ठरवून दिले. नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. सात आणि बारा एकाच कागदावर छापतात, म्हणून सातबारा. त्यात दैवी असं काही नाही.

आणि कायदा स्वतःच हे कबूल करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७: ही नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. गहाळ वारस, जुनं कूळ, डावललेली बहीण, यातलं कोणीही उद्या कोर्टात उभं राहू शकतं.

स्टॅम्पचं तर आपण नाशिककरांनी कोणाला विचारायलाच नको. १९२५ पासून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मुद्रांक छापले जातात. तेलगीने तिथलीच टाकाऊ ठरलेली यंत्रं मिळवली आणि खोट्या स्टॅम्पचा बाजार मांडला. तुमच्यापैकी अनेकांनी वेबसिरीज बघितली असेल. पण सिरीजमध्ये एक मुद्दा सुटतो: स्टॅम्प शंभर टक्के खरा असला, तरी त्याने फक्त शुल्क भरलं एवढंच सिद्ध होतं. बुडाला तो सरकारचा महसूल.

राहिलं रजिस्ट्रेशन. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधक माणसं ओळखतो, शुल्क बघतो, दस्त नोंदवून घेतो. विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा तो देत नाही. हे जगात सगळीकडे असंच असतं असंही नाही हं. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ मध्ये अशी पद्धत आणली की सरकारी नोंदवहीतलं नाव हाच हक्क, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तशी हमी नाही. म्हणून ते शोधायचं काम खरेदीदाराच्या गळ्यात पडतं, म्हणजे तुमच्या. माझ्या मते यात आपल्यावर अन्यायच आहे, पण आजचा नियम हा आहे.

आता नाशिकपुरती एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण 'फार्महाऊस प्लॉट'च्या जाहिराती सगळ्यात जास्त त्याच पट्ट्यातल्या असतात. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण. इथे मोठ्या प्रमाणावर आदिवासी खातेदार आहेत. जमिनी हातातून निसटत होत्या, म्हणून १९७४ मध्ये संहितेत कलम ३६अ आलं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यांना आधी शासनाची मान्यता घ्यावी लागते. त्याच काळात, गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदाही झाला. तेव्हा कोणी सांगितलं, "नाव त्यांचंच राहू दे, आपण मुखत्यारपत्र करू, नाहीतर नव्व्याण्णव वर्षांचा लीज करू," तर तिथून उठा. तुमचे पैसे जातील हा एक भाग. दुसरा असा की ज्या कुटुंबासाठी तो कायदा आहे, त्याच्या पायाखालची जमीन तुम्ही काढून घेताय.

शिवाय शेतजमीन घ्यायला १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तुम्ही शेतकरी असायला लागता. आयटीत नोकरी, गावाला शेती नाही, तर बिनशेती झालेला प्लॉटच बघा, आणि बिनशेतीचा आदेश हातात घेऊन वाचा. "होऊन जाईल" हा आदेश नव्हे.

बहिणींचं राहिलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. आमच्याच घरात आजोबांच्या जमिनीवर दोन्ही आत्यांची नावं लागायला कित्येक वर्षं गेली, आणि तोवर सातबारा दिसायला अगदी 'क्लिअर' होता. विकणाऱ्याला सरळ विचारायचं: दादा, बहिणी किती? हक्कसोड नोंदवलेली आहे का?

करायचं काय? डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाईलवर मिळतो. आधी 'इतर हक्क' हा रकाना वाचा: बोजा, कूळ, कोर्टाचा दावा तिथे असतो. खाली 'प्रलंबित फेरफार' बघा. मग नावाजवळचे फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि एकेक फेरफार मागवत मागे जा. बाहेरच्या गावांत गट नंबर दिसेल. तो १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतरचा आहे, त्याआधीचं शोधायला जुना सर्व्हे नंबर लागतो. किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, आणि वकील तुमचा असू द्या, बिल्डरचा नको. शेवटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. 'देशदूत', 'गावकरी'मध्ये रोज येतात त्या बारीक टाइपातल्या. मी त्या सकाळी चहाबरोबर वाचतो. हसू नका, नाशिकच्या जमिनीचा ताजा इतिहास तिथेच छापून येतो.

गुंठेवारीवर पुढच्या भागात. फेरफार वाचताना एखादा शब्द अडला तर मला पाठवा, फक्त समोरच्याचं नाव आणि गट नंबर झाकून पाठवा.