प्रक्षेपणाकडून परस्परसंवादाकडे : भारतातील शिक्षक-प्रशिक्षण आणि दूरसंचार-साधने (१९७५–२०२०)

सारांश

भारतात शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी दूरसंचार-साधनांचा मोठ्या प्रमाणावरील वापर १९७५ पासून झालेला दिसतो. प्रस्तुत निबंधात उपग्रह दूरचित्रवाणी, द्विमार्गी ध्वनी, महाजाल आणि जालाधारित अभ्यासक्रम या चार टप्प्यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. प्रत्येक टप्प्यावर नव्या साधनाने शिक्षकाला श्रोत्याच्या भूमिकेतून बाहेर काढले काय, हा निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न होय. परस्परसंवाद हा साधनाचा अंगभूत गुण नसून, दूरच्या केंद्रावरील जबाबदार व्यक्ती आणि प्रश्नाला उत्तर देण्याची बांधलेली व्यवस्था यांतून तो निर्माण होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : शिक्षक-प्रशिक्षण, प्राध्यापक विकास, परस्परसंवाद, महाजाल, दूरशिक्षण, केंद्र-समन्वयक.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात संगणक आणि महाजाल यांचा विचार होऊ लागला की, साधारणतः चर्चा यंत्रसामग्रीपाशी येऊन थांबते. किती संगणक आहेत, जोडणीचा वेग किती आहे, कोणती प्रणाली बसविली आहे, हे प्रश्न आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. ज्या शिक्षकाने ही साधने वापरावयाची, तो स्वतः कोणत्या रीतीने शिकला, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. शिक्षक जसा शिकतो तसाच तो बहुधा शिकवितो. ज्याला प्रशिक्षणात केवळ ऐकावे लागले, तो वर्गात केवळ बोलत राहील, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये परस्परसंवादाचे तीन प्रकार मांडले : अध्ययनार्थी आणि आशय, अध्ययनार्थी आणि अध्यापक, तसेच अध्ययनार्थी आणि अध्ययनार्थी. पुढील विवेचनात हीच त्रिविध कसोटी वापरली आहे. प्रशिक्षणार्थी शिक्षक हा येथे अध्ययनार्थी आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

२. प्रक्षेपणाचा कालखंड

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' नावाचा दूरचित्रवाणी-प्रयोग केला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट ग्रहण करणारे संच बसविण्यात आले. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. ग्रामीण प्रेक्षकांसाठी शेती व आरोग्यविषयक कार्यक्रम दाखविणारा प्रयोग म्हणूनच 'साइट'चे स्मरण बहुधा केले जाते. तथापि, त्याच वर्षात दोन सत्रांमध्ये मिळून पन्नास हजारांच्या जवळपास प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले, ही बाब शिक्षणाच्या इतिहासात अधिक मोलाची आहे.

या प्रशिक्षणाची रचना पाहण्याजोगी आहे. दूरचित्रवाणी एकतर्फी होती. पडद्यावरील तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याची सोय तीत नव्हती. म्हणून दूरचित्रवाणीच्या जोडीला नभोवाणीचे कार्यक्रम, छापील कृतिपुस्तिका आणि प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक शिक्षक अशी योजना करण्यात आली. कार्यक्रम संपला की संच बंद होई आणि शिक्षक परिसरात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून प्रयोग करून पाहत. मूर यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर अध्यापकाशी संवाद अशक्य होता, पण आशयाशी आणि परस्परांशी संवाद घडून येत होता. साधनाची उणीव योजनेने भरून काढली होती.

पुढील पाऊल मात्र या दिशेने पडले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी इन्सॅट-१बी या उपग्रहाद्वारे 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवरून सुरू केला. त्यासाठी स्थापन झालेल्या निर्मिती-केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. या मालिकेने उच्च शिक्षणाचा आशय लहान गावांतील महाविद्यालयांपर्यंत नेला, हे निर्विवाद. परंतु ग्रहणाच्या टोकाला कोणी जबाबदार मार्गदर्शक नेमण्याची 'साइट'सारखी तरतूद येथे नव्हती. कार्यक्रम प्रसारित होत असे. तो कोणी पाहावा आणि पाहून काय करावे, हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते.

याच सुमारास प्राध्यापक विकासाची दुसरी वाट आखली गेली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांत ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन केली. तेथील उद्बोधन आणि उजळणी वर्गांत निरनिराळ्या महाविद्यालयांचे अध्यापक काही आठवडे एकत्र राहत व शिकत. पदोन्नतीशी जोडले गेल्यामुळे या वर्गांना पुष्कळदा औपचारिकतेचे स्वरूप आले. असे असले तरी परगावच्या सहकाऱ्याशी आपल्या विषयाबद्दल, विद्यार्थ्यांबद्दल आणि अडचणींबद्दल निवांत बोलण्याची संधी अनेकांना तेथेच मिळाली. पुढे महाजालावरील प्रशिक्षणाची तुलना करावयाची ती याच अनुभवाशी.

३. प्रश्नाला वाट : द्विमार्गी ध्वनी ते एज्युसॅट

१९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले हे पुढे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. मुक्त विद्यापीठांमुळे 'दूरस्थ विद्यार्थ्याला शंका आली तर त्याने काय करावे?' हा प्रश्न शिक्षणव्यवस्थेसमोर रोजचा प्रश्न म्हणून उभा राहिला.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या सहकार्याने १९९० च्या दशकात त्याला एक तांत्रिक उत्तर मिळाले : एकमार्गी चित्र आणि द्विमार्गी ध्वनी. केंद्रातील तज्ज्ञ पडद्यावर दिसत आणि दूरच्या ठिकाणचे शिक्षक दूरध्वनीवरून प्रश्न विचारीत. १९९६ मध्ये कर्नाटक आणि मध्य प्रदेशात प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ही पद्धत वापरण्यात आली. प्रथमच दूरचा शिक्षक पडद्यावरील व्यक्तीशी बोलू शकला. पण दूरध्वनीची वाट अरुंद असते. अनेक केंद्रे एकाच तज्ज्ञाशी जोडलेली असताना ठरलेल्या वेळात मोजक्याच प्रश्नांना उत्तर मिळणार, हे उघड आहे. उरलेल्यांना आपली शंका केंद्रावरील मार्गदर्शकापाशीच न्यावी लागे. म्हणजे संवादाचा खरा भार पुन्हा त्या स्थानिक व्यक्तीवरच होता.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. त्यासाठीच्या प्राथमिक चाचणी-प्रकल्पांत नाशिकचे मुक्त विद्यापीठही सहभागी होते. एज्युसॅटच्या जाळ्यात द्विमार्गी चित्राचीही सोय होती. २०१० मध्ये त्याचे कार्य संपुष्टात आले, तेव्हा शिक्षणाचे मुख्य वहन उपग्रहाकडून महाजालाकडे वळू लागले होते.

४. महाजाल : साठा आणि सहभाग

भारतात सर्वसामान्यांसाठी महाजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभीचे जाल वाचावयाचे होते. पाने प्रकाशित करणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ. शिक्षणातही तेच झाले. २००३ मध्ये सात भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटीईएल हा प्रकल्प हाती घेतला. त्यातून अभियांत्रिकी विषयांवरील व्याख्यानांचा मोठा साठा सर्वांना विनामूल्य खुला झाला. लहान महाविद्यालयातील अध्यापकाला एखादा अवघड विषय देशातील नामवंत अध्यापक कसा मांडतात, हे पाहण्याची सोय झाली. परंतु मूळ स्वरूपात हा साठाच होता.

सहभागाचे जाल दुसऱ्या दिशेने येत होते. २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला आणि २००३ मध्ये त्याची मराठी आवृत्ती आली. वाचकानेच लिहावे, ही कल्पना रूढ झाली. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुजियामास यांनी 'मूडल' ही अध्यापन-प्रणाली प्रसिद्ध केली. शाळेपासून दूर, वाळवंटी प्रदेशात लहानपण गेल्यामुळे त्यांचे स्वतःचे प्रारंभिक शिक्षण नभोवाणी-संचाद्वारे झाले होते. चर्चापीठ, गृहपाठ, परस्पर-मूल्यमापन आणि विद्यार्थ्यांनी मिळून तयार करावयाचे शब्दसंग्रह अशा सोयी मूडलमध्ये होत्या. प्रणाली मुक्त असल्याने परवान्याच्या खर्चाशिवाय ती वापरणे महाविद्यालयांना शक्य झाले. मात्र चर्चापीठ उघडले म्हणजे चर्चा होते, असे नाही. अध्यापकाने टिपणांचा साठा ठेवण्यापुरता मूडलचा वापर केला, तर तोही एकतर्फी प्रक्षेपणाचाच एक प्रकार ठरतो.

५. पवईचे प्रयोग

२००९ मध्ये केंद्र शासनाने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय मिशन सुरू केले. त्याच्या साहाय्याने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने एकाच वेळी प्रथम एक हजार आणि नंतर दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवून कार्यशाळा घेण्यात आल्या. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये 'दूरस्थ केंद्रे' म्हणून जोडण्यात आली. अमृता विद्यापीठाने विकसित केलेल्या 'ए-व्ह्यू' प्रणालीतून पवईचे व्याख्यान केंद्रांवर दिसे. केंद्राने हात वर केल्याची खूण दिली की मुख्य केंद्र त्याला बोलण्याची संधी देई आणि प्रश्नकर्ता सर्व केंद्रांना दिसे. ज्यांचे प्रश्न राहून जात, त्यांच्यासाठी मूडलवरील चर्चा कार्यशाळेनंतरही चालू राही.

या योजनेचे मर्म मात्र प्रणालीपेक्षा तिच्या पूर्वतयारीत होते. मुख्य कार्यशाळेपूर्वी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला पवई येथे बोलावून प्रशिक्षण देण्यात येई. आशय, स्वाध्याय आणि प्रयोगशाळेतील कामे यांची चर्चा त्याच्याशी आधीच होत असे. त्यामुळे कार्यशाळेत प्रत्यक्ष सराव सुरू होई तेव्हा सहभागी शिक्षकाच्या शेजारी विषय जाणणारा माणूस उपस्थित असे. 'साइट'मधील मार्गदर्शक शिक्षक आणि पवईचा समन्वयक यांच्यात तीन दशकांहून अधिक काळाचे अंतर आहे. पण त्यांचे कार्य एकच.

त्याच संस्थेतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने निराळी वाट धरली. तज्ज्ञ शिक्षक जेथे मिळणारच नाही, तेथील अध्ययनार्थ्यासाठी सुमारे दहा मिनिटांचे दृक्-श्राव्य पाठ तयार करण्यात आले. पाठ ऐकता ऐकता तीच कृती संगणकावर करून पाहावयाची, ही त्याची पद्धत. पडद्यावरील दृश्य इंग्रजीतच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले गेले. कारण उपशीर्षके वाचताना पडद्यावरील कृतीवरचे लक्ष उडते. शंका विचारताना पाठातील कोणत्या मिनिटाला आणि कोणत्या सेकंदाला अडले, हे नोंदविण्याची सोय चर्चापीठावर करण्यात आली. उत्तर देणाऱ्याला अडचणीची नेमकी जागा समजावी, हा साधा विचार त्यामागे होता. व्याख्यानप्रधान बहुसंख्य जालाधारित प्रशिक्षणे इंग्रजीत असताना, मराठी निवेदनाची ही सोय ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ज्या भाषेत प्रश्न विचारता येत नाही, त्या भाषेतील संवादप्रणाली कितीही प्रगत असली तरी ती श्रोताच घडविते.

तिसरा प्रयत्न अभ्यासक्रमाच्या बांधणीचा होता. प्रा. सहना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्ययनार्थिकेंद्री जालाधारित अभ्यासक्रमाचा आराखडा विकसित केला आणि शिक्षक-विकासाच्या अभ्यासक्रमांत तो वापरला. यातील चित्रफिती लहान असतात आणि मध्येच थांबून विचार करण्याची व उत्तर लिहिण्याची सूचना अध्ययनार्थ्याला दिली जाते. त्यानंतर सराव, पुढील वाचनाच्या वाटा आणि अखेरीस सहाध्यायींशी नेमक्या प्रश्नावर चर्चा, असा क्रम असतो. चर्चा ऐच्छिक न ठेवता ती अभ्यासक्रमाचा घटक करणे, हे या आराखड्याचे वैशिष्ट्य होय.

६. प्रमाणपत्राचा काळ

९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' या राष्ट्रीय व्यासपीठाचे औपचारिक उद्घाटन झाले. २०१८ मध्ये त्यावरून 'अर्पित' ही प्राध्यापकांच्या वार्षिक उजळणीची योजना सुरू झाली. चाळीस तासांचा अभ्यासक्रम आणि शेवटी परीक्षा, अशी तिची रचना होती आणि ती उजळणी वर्गाशी समकक्ष मानली गेली. रजा, प्रवास आणि निवास यांच्या अडचणी असणाऱ्यांना, विशेषतः घरच्या जबाबदाऱ्या सांभाळणाऱ्या अध्यापिकांना, ही मोठी सोय होती. परंतु त्याचबरोबर काही आठवड्यांचा सहवास गेला आणि त्याच्या जागी येणारा सहाध्यायींचा संवाद आपोआप आला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा अध्यापकांना अल्पावधीत पडद्यासमोर बसावे लागले. झूम, गूगल मीट, गूगल क्लासरूम ही नावे सर्वतोमुखी झाली. महाविद्यालयांनी वेबिनारे व प्राध्यापक विकास कार्यक्रम मोठ्या संख्येने घेतले. परगावच्या वक्त्याचे विचार घरबसल्या ऐकता आले, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु अनेक ठिकाणी सहभागाची व्याख्या अखेरचा अभिप्राय-अर्ज भरून प्रमाणपत्र मिळविणे, इतकीच उरली. विशेष हे की, या प्रणालींत हात वर करण्याची, लिहून विचारण्याची आणि लहान गटांत विभागण्याची सोय होती. १९७५ च्या शिक्षकाला तज्ज्ञाशी बोलण्याचे साधन नव्हते. २०२० च्या शिक्षकाला साधन होते, पण अनेकदा त्याच्यासाठी वेळ राखलेला नव्हता आणि त्याच्या प्रश्नाची वाट पाहणारे कोणी नव्हते.

७. निष्कर्ष

१. साधनांचा विकास एकतर्फी चित्राकडून बहुमुखी संवादाकडे झाला असला, तरी शिक्षकाचा सहभाग त्याच प्रमाणात वाढत गेला, असे इतिहास दर्शवीत नाही.

२. ज्या प्रयोगांत ग्रहणाच्या टोकाला पूर्वतयारी असलेली जबाबदार व्यक्ती होती, तेथे दुर्बल साधनानेही सहभाग घडू शकला. ही व्यक्ती खर्चात कपात करण्याची जागा नसून योजनेचा आधार आहे.

३. जेथे असा माणूस नेमणे शक्य नाही, तेथे त्याचे काम अभ्यासक्रमाच्या बांधणीने करावे लागते. थांबून करावयाची कृती, नेमकी शंका नोंदविण्याची सोय, अनिवार्य चर्चा आणि शिक्षकाची भाषा हे त्याचे घटक होत.

४. प्राध्यापक विकास कार्यक्रमाचे मूल्यमापन उपस्थितांच्या संख्येवर न करता, किती प्रश्न आले, किती प्रश्नांना उत्तर मिळाले आणि सहभागी शिक्षकाने स्वतःच्या वर्गासाठी काय तयार केले, यांवर करणे उचित ठरेल.

महाविद्यालयाला यासाठी नवी यंत्रसामग्री घ्यावी लागेलच असे नाही. कार्यक्रमपत्रिकेत वक्त्याच्या वेळेइतकाच वेळ सहभागी शिक्षकांसाठी राखून ठेवणे आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराची जबाबदारी कोणावर तरी सोपविणे, एवढी सुरुवात कोणत्याही संस्थेस करता येण्याजोगी आहे.