वळणावरचा फलाट : न्यूयॉर्कच्या साउथ फेरी स्थानकाची शतकभराची कथा

१/ न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला बॅटरी म्हणतात. येथून स्टेटन आयलंडला जाणाऱ्या फेरीबोटी सुटतात. धक्क्याला लागूनच जमिनीखाली साउथ फेरी हे भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. १९०५ साली उघडलेल्या जुन्या स्थानकाचा फलाट पाच डब्यांपुरताच होता. पुढे गाड्या दहा डब्यांच्या झाल्या, तरी फलाट तेवढाच राहिला. २००९ मध्ये त्याला निरोप देण्यात आला, आणि चारच वर्षांत तेच स्थानक पुन्हा उघडावे लागले. असे का घडले? #थ्रेड

२/ आरंभ १९०४ पासून करू. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी न्यूयॉर्कची पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. उद्घाटनाच्या गाडीचे नियंत्रण महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी स्वतः हाती घेतले आणि ठरल्यापेक्षा बरेच पुढपर्यंत सोडलेच नाही. ती गाडी सुटली सिटी हॉल स्थानकातून. या मार्गाचे मुख्य अभियंता होते विल्यम बार्कले पार्सन्स. साउथ फेरीची गोष्ट कळण्यासाठी आधी हे सिटी हॉल स्थानक पाहणे आवश्यक आहे.

३/ पार्सन्स यांच्यापुढचा प्रश्न साधा दिसणारा, पण अवघड होता. शेवटच्या स्थानकात आलेली गाडी परत कशी फिरवायची? सरळ टोकाच्या स्थानकात मोटरमनला गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे लागते, रूळ बदलावे लागतात, आणि तोवर मागची गाडी खोळंबते. त्यावर तोडगा होता लूप, म्हणजे रुळांचा वळसा. गाडी वळसा घालून थेट परतीच्या मार्गाला लागते. थांबून दिशा बदलण्याची गरजच उरत नाही.

४/ सिटी हॉल स्थानक अशाच वळशावर उभारले गेले. हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांची रचना, ग्वास्ताविनो पद्धतीच्या टाइल्सच्या कमानी, वरून प्रकाश आत घेणारी काचेची तावदाने. पुढच्याच वर्षी मार्ग दक्षिणेकडे वाढला आणि १० जुलै १९०५ रोजी साउथ फेरी स्थानक उघडले. तेही वळशावरच. त्याच्या भिंतींवर शिडाच्या जहाजाची चित्रे असलेले फलक बसवले होते. बंदराच्या स्थानकाला ते शोभून दिसत.

५/ आता थोडी भूमिती. रेल्वेचा डबा लवचीक नसतो. वळणावर उभा राहिलेला डबा म्हणजे वर्तुळाच्या कंसावर ठेवलेली सरळ पट्टी, शाळेतल्या भाषेत जीवा. डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला झुकतो आणि दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला सरकतात. म्हणून फलाट वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर डब्याची टोके फलाटाजवळ येतात आणि मध्यभागी फट पडते. फलाट आतल्या अंगाला असेल, तर नेमके उलटे.

६/ ही फट किती असते? या मार्गावरील डबे सुमारे ५१ फूट लांबीचे आणि त्यांच्या दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधील अंतर सुमारे ३६ फूट. वळणाची त्रिज्या १५० फूट मानली, तर डब्याचा मध्य रुळांच्या मध्यरेषेपासून जवळजवळ १३ इंच आत सरकतो. म्हणजे एक फुटाहून थोडे अधिक. लहान मूल, वृद्ध, हातात सामान असलेला प्रवासी यांच्यासाठी एवढी फट पुरेशी घातक आहे. मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

७/ मग पार्सन्स यांना हे कळले नव्हते काय? येथे एक तपशील महत्त्वाचा ठरतो. १९०४ च्या डब्यांना मध्यभागी दार नव्हतेच. दारे फक्त दोन टोकांना होती. सिटी हॉलचा फलाट वळणाच्या बाहेरच्या अंगाला होता. तेथे टोके फलाटाजवळ येत, आणि जेथे फट रुंद होई तेथे उतरण्याची सोयच नव्हती. त्या काळातल्या डब्यांसाठी ती रचना चालण्यासारखी होती.

८/ परिस्थिती बदलली ती भुयारी रेल्वेच्या यशामुळे. पाच सेंटच्या तिकिटात एवढी जलद गाडी मिळाल्यावर गर्दी अंदाजापलीकडे गेली. दोनच दारांमधून चढ-उतार होईना, गाड्या स्थानकांत अडकून राहू लागल्या. म्हणून १९०९ नंतरच्या काही वर्षांत डब्यांना मध्यभागी तिसरे दार बसवण्यात आले. संपूर्ण मार्गावर या दाराने वेळ वाचवला. वळणावरच्या स्थानकांत मात्र ते नेमके सर्वांत रुंद फटीसमोर उघडू लागले.

९/ दुसरा बदल गाडीच्या लांबीचा. मूळ आराखड्यात जलद गाड्यांच्या स्थानकांना आठ डब्यांसाठी साधारण ३५० फुटांचे फलाट होते आणि धीम्या गाड्यांच्या स्थानकांना पाच डब्यांसाठी साधारण २०० फुटांचे. पुढे गाड्या दहा डब्यांपर्यंत वाढल्या. सरळ फलाट खोदकाम करून लांबवता आले आणि तसे लांबवलेही गेले. वळशावरचा फलाट लांबवायचा म्हणजे वळण आणखी पुढे न्यायचे. त्याला जागा कोठून आणणार?

१०/ सिटी हॉलने यापुढे हार मानली. पाय ठेवताच ब्रुकलिन ब्रिजचे मोठे स्थानक होते, तेथे जलद गाड्या मिळत. सिटी हॉलला दिवसाकाठी सुमारे ६०० प्रवासीच येत. त्यांच्यासाठी वळणावरचा फलाट नव्याने बांधणे परवडणारे नव्हते. ३१ डिसेंबर १९४५ रोजी ते स्थानक प्रवाशांसाठी बंद झाले. शहरातील सर्वांत देखणे स्थानक पुरते बेचाळीस वर्षेही चालले नाही.

११/ साउथ फेरी मात्र बंद करणे शक्य नव्हते, कारण तेथे बोट होती. स्टेटन आयलंडला भुयारी रेल्वेने मॅनहॅटनशी कधीच जोडले गेले नाही. त्या बेटावरील हजारो नोकरदारांचा रोजचा मार्ग म्हणजे बोट आणि मग गाडी. म्हणून सिटी हॉलमध्ये जे दोष एका निर्णयाने संपले, ते साउथ फेरीत आणखी सहा दशके सांभाळत बसावे लागले.

१२/ साउथ फेरीत वळसे दोन होते, एक बाहेरचा आणि एक आतला. १ जुलै १९१८ रोजी आतल्या वळशालाही फलाट मिळाला. तेथले वळण इतके तीव्र होते, की फक्त डब्याचे मधले दार फलाटाजवळ येई. म्हणून फलाटाच्या कडेला भिंत घालून केवळ मधल्या दारांसमोर कमानी ठेवल्या गेल्या. सिटी हॉलमध्ये मधले दार उघडणे धोक्याचे, आणि येथे मधल्याखेरीज दुसरे दार उघडणे अशक्य. भूमिती एकच, फक्त फलाटाची बाजू बदललेली. १९७७ मध्ये हा आतला फलाट बंद झाला.

१३/ बाहेरच्या फलाटावर यांत्रिक उपाय करण्यात आला. त्याचे नाव गॅप फिलर. गाडी थांबली, की फलाटाच्या कडेतून लोखंडी जाळीच्या पट्ट्या पुढे सरकत आणि फट भरून काढत. मग दारे उघडत. दारे बंद झाली, की पट्ट्या आत जात आणि त्यानंतरच गाडी हलू शके. प्रवासी सुरक्षित झाला, पण प्रत्येक गाडीमागे काही सेकंद गेले. मॅनहॅटनमधीलच १४ स्ट्रीट-युनियन स्क्वेअर स्थानकात अशा पट्ट्या आजही पाहायला मिळतात.

१४/ पाच डब्यांच्या फलाटाची अडचण तर यंत्राने सुटणारी नव्हती. साउथ फेरीला उतरायचे असल्यास पहिल्या पाच डब्यांत या, अशी घोषणा गाडीत होत असे. ज्याला ती ऐकू आली नाही, समजली नाही किंवा जो शहरात नवखा होता, तो मागच्या डब्यात बसून राही. मग धावत्या गाडीत डब्यांमधली दारे उघडत पुढे जायचे, किंवा फलाटाला न लागलेल्या डब्यातून वळसा घालून आल्या वाटेने परत जायचे.

१५/ आता या सर्वांची बेरीज करा. तीव्र वळणामुळे गाडी अगदी सावकाश आत येई. चाके एकाच आसाला घट्ट जोडलेली असल्याने वळणावर ती रुळांवर घासत आणि कानठळ्या बसवणारी किंचाळी उठे. दहा डब्यांची माणसे पाच डब्यांच्या दारांमधून उतरत. मग पट्ट्या, मग सावकाश प्रस्थान. फलाटाला रूळ एकच. त्यामुळे मागची गाडी बोगद्यात किंवा आधीच्या रेक्टर स्ट्रीट स्थानकात उभी राही. दिशा बदलण्याचा वेळ वाचावा म्हणून घेतलेला वळसाच अखेरीस संपूर्ण मार्गाचा अडसर झाला.

१६/ या विलंबाचे मोजमाप प्रवासी बोटीने करत. गर्दीच्या वेळा सोडल्यास दोन बोटींमध्ये अर्ध्या तासाचे अंतर पडते. गाडी बोगद्यात दोन मिनिटे अडकली आणि बोट डोळ्यांदेखत सुटली, तर घरी पोहोचायला अर्धा तास उशीर. स्थानकाच्या रचनेतील उणीव नकाशावर इंचांत दिसते, पण तिची किंमत कोणाच्या तरी संध्याकाळीतून वसूल होत असते. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना तर हे जुने स्थानक कधी खुले झालेच नाही.

१७/ बदलाला कारण ठरला एक आघात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात या मार्गाचा बोगदा उद्ध्वस्त झाला आणि साउथ फेरीची सेवा वर्षभर बंद राहिली. त्यानंतर लोअर मॅनहॅटनच्या पुनर्बांधणीसाठी आलेल्या केंद्रीय निधीतून नवे स्थानक बांधायचे ठरले. ते अधिक खोलवर असणार होते, फलाट दहा डब्यांचा आणि रूळ दोन. ताशी १६-१७ गाड्यांऐवजी २४ गाड्या हाताळता येतील, असा अधिकृत अंदाज होता. खर्च सुमारे ५३ कोटी डॉलर.

१८/ काम सोपे नव्हते. २००५ मध्ये खोदताना वसाहतकालीन तटबंदीची दगडी भिंत सापडली. उत्खननासाठी वेळ द्यावा लागला. आणि पुढचा प्रसंग तर खराच विलक्षण आहे. २००९ च्या आरंभी स्थानक तयार झाले, पण उद्घाटन लांबले. कारण? नव्या फलाटाच्या काही भागात फलाट आणि गाडी यांमधील फट अपंगांसाठीच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा किंचित अधिक भरली. फटीपासून सुटका व्हावी म्हणून बांधलेले स्थानक फटीनेच अडवले. दुरुस्तीनंतर १६ मार्च २००९ रोजी ते उघडले आणि जुन्या वळशाला कुलूप लागले.

१९/ २९ ऑक्टोबर २०१२. सँडी वादळाने बॅटरीजवळ समुद्राची पातळी सुमारे १४ फुटांपर्यंत चढली. पाणी जिन्यांवरून उतरले आणि नवे, खोल स्थानक तुडुंब भरले. खाऱ्या पाण्याने विजेची यंत्रणा, सिग्नल, सरकते जिने, सारे निकामी केले. साडेतीन वर्षांपूर्वी उघडलेले स्थानक आता अनेक वर्षे बंद राहणार, हे स्पष्ट झाले. गाड्या रेक्टर स्ट्रीटला थांबू लागल्या आणि बोटीचे प्रवासी उरलेले अंतर पायी कापू लागले.

२०/ अखेर ४ एप्रिल २०१३ रोजी जुने स्थानक पुन्हा उघडले. तीच जहाजांची चित्रे, त्याच लोखंडी पट्ट्या, पहिल्या पाच डब्यांची तीच घोषणा. १९०५ च्या त्या फलाटाने आणखी चार वर्षे बोटीच्या प्रवाशांना वाहिले. नव्या स्थानकाच्या दुरुस्तीवर ३४ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. पूर रोखणारी दारे बसवून ते २७ जून २०१७ रोजी पुन्हा सुरू झाले.

२१/ या इतिहासातून काय हाती लागते? पार्सन्स चुकले, असा निकाल देणे सोपे आहे. पण त्यांचा फलाट त्यांच्या काळातील डब्यांसाठी होता. दोष निर्माण झाला तो बदलत्या गाडीत आणि न बदलणाऱ्या बोगद्यात. डबे दर तीस-चाळीस वर्षांनी बदलतात, दार वाढवता येते, वेळापत्रक तर एका रात्रीत बदलता येते. बोगदा मात्र एकदा खोदला, की पुढच्या चार पिढ्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

२२/ आणि नव्या स्थानकाच्या रचनाकारांचेही तसेच झाले. त्यांनी शंभर वर्षांची सर्व गाऱ्हाणी एकेक करून दूर केली: लांबी, वळण, फट, एकेरी रूळ. मात्र ती सारी कालची गाऱ्हाणी होती. समुद्राकाठी अधिक खोल जाण्याची किंमत त्यांच्या उत्तरात पुरेशी धरलेली नव्हती. पार्सन्स यांना तिसरे दार दिसले नव्हते, यांना चौदा फुटांचे पाणी दिसले नाही.

२३/ शेवटी एक गोष्ट. सिटी हॉलचा वळसा आजही वापरात आहे. ६ क्रमांकाच्या गाड्या ब्रुकलिन ब्रिजला प्रवासी उतरवून त्याच रिकाम्या, कमानदार स्थानकातून वळसा घेतात आणि उत्तरेकडे परततात. पार्सन्स यांनी ज्यासाठी तो वळसा आखला होता, ते काम तो १२० वर्षांनंतरही चोख करतो. गाडी फिरवण्यासाठी ते वळण उत्तम होते आणि आहे. अडचण झाली ती त्याच वळणावर माणसांना उतरवायचे ठरले म्हणून. #इतिहास