अल्पायुषी अधिकार : बेर्नार्दो पेरेस द सिल्वा

सन १५१० पासून तीन शतकांहून अधिक काळ गोव्याचा कारभार लिस्बनहून आलेल्या व्हाइसरॉय व गव्हर्नर यांच्या हाती होता. हा क्रम प्रथम खंडित झाला तो १८३५ साली. तिसवाडी महालातील नेवरा गावी १७७५ मध्ये जन्मलेले बेर्नार्दो पेरेस द सिल्वा हे त्या वर्षी गोव्याचे प्रीफैत, म्हणजे सर्वोच्च मुलकी अधिकारी झाले.

हा मान त्यांना अकस्मात लाभला नव्हता. १८२२ साली पोर्तुगालच्या संसदेवर गोव्याने निवडून दिलेल्या प्रतिनिधींत ते होते. राजा मिगेलच्या अनियंत्रित राजवटीत त्यांना परागंदा व्हावे लागले. १८३४ मध्ये उदारमतवादी पक्षाचा विजय झाला आणि त्यांची या पदावर नेमणूक झाली.

१४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली व सुधारणांस आरंभ केला. गोव्यात स्थायिक झालेल्या पोर्तुगीज वंशजांचे लष्करात वर्चस्व होते. एका गोमंतकीयाची आज्ञा मानणे त्यांना रुचले नाही आणि नव्या व्यवस्थेत आपले हक्क बुडतील, हे भयही होतेच. १ फेब्रुवारी रोजी लष्कराने बंड करून प्रीफैतांना पदच्युत केले व त्यांची रवानगी मुंबईस झाली. सत्तेला तीन आठवडेही पुरे झाले नव्हते.

या उठावाची खरी किंमत इतरांनी मोजली. त्याच वर्षी मे महिन्यात पणजीनजीकच्या गास्पार दियस किल्ल्यात प्रीफैतांशी एकनिष्ठ राहिलेल्या सैनिकांची कत्तल झाली आणि किल्ला अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला. समुद्रमार्गे गोव्यास परतण्याचा पेरेस द सिल्वा यांचा प्रयत्नही फसला. दमण व दीव यांनी मात्र १८३७ पर्यंत त्यांचाच अधिकार मानला.

बंडखोरांनी त्यांना पदावरून दूर केले, हे खरे. परंतु ज्या लिस्बनने त्यांना नेमले, त्यानेही त्यांना पुन्हा पदावर बसविले नाही. १८३७ मध्ये तेथून आला तो नवा गव्हर्नर. ज्यांच्या आज्ञेवरून अधिकार स्वीकारला, तेच संकटसमयी पाठीशी उभे राहिले नाहीत. बंडाहूनही हा आघात मोठा म्हणावा लागेल.

१८४४ साली लिस्बन येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत लिस्बनने दुसऱ्या कोणाही गोमंतकीयास त्या सर्वोच्च पदावर नेमले नाही.